नकाशावरचा आमचा चौकोन

लॉकडाऊन उठून दोन वर्षं होत आली होती. मी पुण्याच्या एका संस्थेसाठी सोलापुरात घरूनच काम करत होते. उपग्रहानं रात्री टिपलेल्या उजेडावरून शहराचे धंदे कितपत सावरले, ते मोजायचं काम. नकाशावर शहराचे चौकोन पाडलेले. चौकोन जितका उजळ, तितकी तिथली उलाढाल जास्त, असं धरायचं.

यंत्रमागांच्या भागातला एक चौकोन पूर्वीपेक्षाही उजळ दिसत होता. माझे वडील, आप्पा, ज्या टॉवेल कारखान्यात काम करायचे, तो त्याच चौकोनात. माढ्याकडून तरुणपणी आले ते तिथंच मागावर उभे राहिले. तीस वर्षांच्या खडखडाटानं त्यांना कमी ऐकू यायला लागलं होतं. उन्हाळ्यापासून ते पुन्हा डबा घेऊन रात्रपाळीला जात होते. त्यामुळे नकाशा बघून मला आनंदच झाला.

"एकदा प्रत्यक्ष बघून ये," संस्थेतले सर फोनवर म्हणाले. मी दिवेलागणीला गेले.

कारखाना नव्हता. तिथं पत्र्याचं भलंमोठं गोदाम उभं होतं आणि चारी कोपऱ्यांवर डोळे दिपवणारे दिवे. मी समोरच्या पानवाल्याला विचारलं.

"माग कवाच गेले की. गॅस कटरनं कापले, भंगारात घातले."

गेटाशी खुर्ची टाकून कुणीतरी बसलं होतं. अंगात खाकी शर्ट, मांडीवर आमच्या घरचा डबा. मला बघून आप्पा उठले आणि उगाचच गळ्याचं बटण लावायला लागले.

"तू कशाला आलीस हितं?"

"हे दिवे कोण लावतं, आप्पा?" मी मोठ्यानं विचारलं.

"मीच की. सा वाजता." मग खाली बघत म्हणाले, "आईला सांगू नगंस."

मी सरांना सगळं सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते. आधी त्यांनी आप्पांची चौकशी केली. मग म्हणाले, "पण एका चौकोनानं सरासरी हलत नाही गं." मी लिहिलेली तळटीप अहवालातून गळली. सोलापूर पूर्वपदावर आलं, असं छापून आलं.

पुढं दोन महिन्यांनी एक ट्रक गेटाबाहेर हॉर्न वाजवत राहिला. आप्पांना ऐकूच आला नाही. रखवालदार पुरवणाऱ्या ठेकेदारानं त्यांना सकाळी घरी पाठवलं आणि खाकी शर्ट तिथंच काढून घेतला. आप्पा बनियनवर घरी आले, तेव्हा आईला सगळं कळलं.

"मग येवढे दिस कुटला माग चालवत व्हता?" तिनं हळूच विचारलं.

ते भिंतीकडं बघत बसले होते. त्यांना ऐकू गेलं नाही. आणि तोच प्रश्न मोठ्यानं विचारायला आईचा आवाज काही चढला नाही.