बाभळीपासून डावीकडे

अँब्युलन्स दिसली की ज्याचा चेहरा जावई आल्यासारखा खुलतो, असा अख्ख्या खानदेशात एकच माणूस आहे, आणि तो नेमका आमच्या हिचा मामा निघाला. खरं तर त्या घरचा जावई मी. जळगावहून एसटीनं हाडं खिळखिळी करून घेऊन मी दारात उभा राहिलो, तर "या पाव्हना, बठा" एवढ्यावर माझी बोळवण होते. पण लांबून सायरन ऐकू आला की हाच माणूस ताटावरून उठतो, एक चप्पल स्वतःची आणि एक माझी घालतो आणि धोतराचा सोगा सावरत फाट्याकडे पळत सुटतो. गाव त्यांना आबा म्हणतं. मी मामा म्हणतो. मामी काय म्हणतात ते छापण्यासारखं नाही.

याचं मूळ एका बाभळीत आहे. भडगावच्या पुढं, गिरणेच्या काठच्या त्यांच्या गावाला जायचं तर मोठ्या रस्त्यावरून 'बाभळीपासून डावीकडे' वळायचं. गंमत अशी, की तिथं बाभूळच नाही. रस्ता रुंद केला तेव्हाच ती तोडली. पण गावाच्या डोक्यातली बाभूळ तोडायला अजून कुऱ्हाड निघालेली नाही. लग्नपत्रिकेत पत्ता म्हणून बाभूळ छापतात, भांडणात 'ये बाभळीपाशी' म्हणून दम देतात, आणि कोणी नवखा "कुठाय बाभूळ?" म्हणाला, तर त्याचे डोळे तपासून घ्यावेत अशा नजरेनं बघतात. दोन्ही बाजूंना नुसती केळी. एक बाग झाकावी आणि दुसरी काढावी. एकदा शेजारच्या अक्कांना कापूस वेचताना साप चावला. घरच्यांनी अँब्युलन्ससाठी फोन केला, पलीकडच्या बाईंनी लांबच्या शहरातून "खूण सांगा" म्हटलं, आणि यांनी सांगितलं, "बाभूळ." झालं! बिचारा ड्रायव्हर बाभूळ शोधत पुढच्या गावापर्यंत जाऊन आला. इकडे अक्कांच्या पापण्या मिटायला लागल्या. शेवटी मामा केळीच्या बागेतून आडवे पळत रस्त्यावर गेले आणि गाडीपुढं हात पसरून उभे राहिले. अक्का वाचल्या. पण त्या दिवशी मामांनी ठरवून टाकलं, की बाभूळ नाही ना, मग आपणच बाभूळ व्हायचं.

सुरुवातीला उत्साह फार. मामा लुना घेऊन अँब्युलन्सच्या पुढं निघत, रस्ता दाखवायला. आता मामांची लुना म्हणजे चढावर तिला कुत्रीसुद्धा मागं टाकतात. मागं अँब्युलन्स ठणाणा करतेय, पुढं मामा ऐटीत चाललेत, आणि बाजू काही देत नाहीत! शेवटी ड्रायव्हरनं खिडकीतून हात जोडले, "आबा, तुम्ही नुसते उभे राहा. तेवढ्यानंच आमच्यावर फार उपकार होतील." तेव्हापासून लुना सुटली आणि लाल फडकं आलं. ते मामींच्या लुगड्याचं. "जुनं व्हतं," असं मामा सांगतात. "मनं नवं लुगडं फाडी टाकं ह्या मानूसनी," असं मामी सांगतात. मी जावई असल्यामुळे दोघांचंही खरं धरतो. मग गावाला वळणच पडलं. कोणाला काही झालं, तर आधी फोन आबांना, मग अँब्युलन्सला.

अँब्युलन्सच्या ड्रायव्हरला पायलट म्हणतात, हे कळलं त्या दिवसापासून तर मामांची मान खाली यायला तयार नाही. "आमना गावले पायलट येस," असं ते एसटीच्या कंडक्टरला ऐकवतात. गाडी रिकामी परतताना दिसली की तिला अडवलंच. लिंबाखाली गोधडी अंथरायची, आणि पायलट व गाडीतली तरुण डॉक्टरीण यांच्यापुढं हिरव्या वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा ठेवायचा. "लोकेसना जीव वाचाडतस, आन् सोता उपाशी फिरतस? पहिले दोन घास खाई ल्या!" पण जेवता जेवता पायलटचा फोन वाजला, की हाच यजमान कसायासारखा वागतो. हातातली भाकरी ओढून घेतो, भरतासकट केळीच्या पानात गुंडाळतो आणि खिडकीतून आत भिरकावतो. एकदा ते पुडकं डॉक्टरणीच्या मांडीवर फुटलं. पुढच्या गावचा पेशंट म्हणे शुद्धीवर आला तो भरताच्या वासानंच. हे अर्थात मामांचं म्हणणं.

आणि लेकीचं लग्न! अंतरपाट धरलेला, भटजी रंगात आलेले, आणि बाहेर सायरन. कोणी बाळंतीण अडली होती आणि मांडवासमोर वऱ्हाडाच्या जीपा रस्ता अडवून उभ्या होत्या. भटजी 'सावधान' म्हणाले आणि वधूपिता खरोखरच सावध झाले. अक्षता खिशात कोंबून ते बाहेर पळाले आणि व्याह्यांची जीप चार माणसं लावून चक्क केळीत ढकलली. व्याही रुसले, भटजींनी मंगलाष्टक पुन्हा पहिल्यापासून घेतलं. त्या बाळंतिणीला मुलगी झाल्याचं कळलं, तेव्हा मामांनी पंगतीत उभं राहून जिलबीचा एक फेरा तिच्या नावानं वाढायला लावला. रुसलेल्या व्याह्यांनी दोनदा घेतली.

मागच्या उन्हाळ्यात मी तिकडे गेलो होतो. भर दुपारी मामा ओट्यावर बसून मला अँब्युलन्सच्या टायरांचे गुण समजावत होते. मी जांभया देत होतो. बोलता बोलता थांबले. छातीवर हात ठेवला. अंगातला सदरा भिजून चिंब झाला, तोंड राखेसारखं. मामी आतून धावत आल्या. मी फोन लावला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "गावाकडे वळायची खूण सांगा." आणि जन्मभर या लोकांची टिंगल केलेल्या माझ्या तोंडून काय निघावं? "बाभळीपासून डावीकडे!"

फोन ठेवला आणि चूक लक्षात आली. गाडीचे पायलट, डॉक्टरीण नुकतेच बदलले होते. नव्यांना ना बाभूळ माहीत, ना आबा. खाटेवर पडलेल्या मामांनी माझा हात घट्ट धरला आणि पुटपुटले, "पाव्हना... फाटावर कोन शे?" कोणी नव्हतं हो! फाट्यावर उभा राहणारा माणूस खाटेवर होता. तेवढ्यात त्यांच्याच खिशातला फोन वाजला. मामींनी उचलला. गाडी बोलावल्याची बातमी शेतांपर्यंत पोचली होती, कोणासाठी ते नव्हतं; रस्त्याकडेच्या शेतातून अक्का ओरडत होत्या, त्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता, "आबा, गावमा गाडी येई ऱ्हायनी म्हने! तुम्ही आजून निंघनात नही का?" मामींना हुंदका आवरेना. "अक्का, ती गाडी त्यासनासाठेच शे व!"

पलीकडून फोन कट झाला. मी खुंटीवरचं लाल फडकं ओढलं आणि उन्हात पळत सुटलो. अर्ध्या रस्त्यात दम लागला, चप्पल तुटली, आणि समोरून सायरन वाजवत गाडी आलीच! न चुकता, न थांबता माझ्या अंगावर धूळ उडवून गेली. मी तसाच फाट्यापर्यंत गेलो. तिथं, जिथं बाभूळ नाही तिथं, अक्का उभ्या होत्या. अंगावर लाल लुगडं, त्याचाच पदर दोन्ही हातांनी अजून हलवत होत्या. गाडी गेलीय हे त्यांच्या हातांना कळलंच नव्हतं. "मना बखतले, साप चावना तवय, आबा धावना व्हता," एवढंच म्हणाल्या आणि बांधावर बसून रडायला लागल्या. मीही बसलो. मीही रडलो. जावयानं सासुरवाडीच्या बांधावर बसून रडू नये, असा काही नियम असेल तर असू दे.

मामा वाचले. धुळ्याला नेलं, हृदयातली नळी मोकळी केली, आणि 'उन्हात पळायचं नाही' या अटीवर घरी सोडलं. आता ते ओट्यावर असतात. सायरन आला की बोलणं थांबवतात, कान देतात, आणि आवाज नीट गावाकडे वळला की हळूच श्वास सोडतात. फाट्यावर पाळीपाळीनं कोणी ना कोणी उभं असतं. आणि या गावाला अक्कल येईल असं वाटलं असेल, तर आशा सोडा. आता फोनवर बाभूळ नाही सांगत. सांगतात, "आबा उभे राहतात तिथून डावीकडे." आबा तिथं नसतात, तरीही. मला हसू येतं. बाभूळ गेली आणि जागा राहिली. मामाही काही जन्माला पुरायचे नाहीत.

परवा गेलो तेव्हा पाळी अक्कांची होती, आणि अक्का गावाला गेल्या होत्या. गाडी निघाल्याचा फोन आला, तसं मामांनी खुंटीवरचं फडकं माझ्या खांद्यावर टाकलं आणि माझ्या चपलांकडे बोट दाखवलं. मी फाट्यावर जाऊन उभा राहिलो. गाडी आली, वेग कमी झाला, एक अनोळखी पायलट खिडकीतून डोकावला.

"आबा तुम्हीच का?"

"हो," मी फडकं हलवत म्हणालो, "मीच. डावीकडे घ्या."