दहा हजार खूप झाले

समाधाननं नववीत शाळा सोडली तेव्हा खडकीतल्या त्यांच्या गल्लीत प्रत्येकानं त्याला अक्कल शिकवली. द्वारकामावशीनं फक्त विचारलं, "जेवलास का?" मावशी सख्खी नाही, शेजारची. पण आई गेल्यापासून तो तिच्याच घरी जेवायचा. तिच्याबद्दल कुणी वाकडं बोललं की हा सरळ अंगावर धावून जायचा.

मावशी साड्यांना फॉल-पिको करायची. मशीन जुनं, मधेच टाके सोडायचं. नवीन अठरा हजारांना होतं, तिच्याकडे दहाच जमले होते. घोडं तिथंच अडलेलं.

समाधान मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला. तिथं बसल्या बसल्या त्यानं फोनवर फॉरेक्सचं अ‍ॅप घेतलं. डॉलर, युरोचा भाव वर जाणार की खाली, त्यावर पैसे लावायचे. आठवड्यात त्याच्या दहा हजार डॉलरचे तेरा हजार झाले. गल्लीभर आकडा दाखवत फिरला. एवढंच सांगितलं नाही की ते डेमो खातं होतं. नवख्याचा हात बसावा म्हणून कंपनीच खेळायला खोटे डॉलर देते. त्याचा स्वतःचा एक रुपया त्यात नव्हता.

मावशीनं विचारलं, "नवीन माणसाला किती भांडवल लागतं रे?"

त्याला कुठं माहीत होतं? पण तिच्याकडे किती आहेत ते माहीत होतं.

"दहा हजार खूप झाले."

"आणि गेले तर?"

"मी आहे ना, मावशी."

बुधवारी तिच्याच घरात बसून त्यानं खरं खातं उघडलं. तिच्या दहा हजारांचे जेमतेम एकशेवीस डॉलर झाले. हात मात्र डेमोवर बसलेला. तिथं जेवढा मोठा सौदा टाकायचा, तेवढाच इथं टाकला; कंपनी उधारीवर टाकू देते. दहा हजार डॉलरच्या खात्याला ज्या झटक्याचं काहीच वाटायचं नाही, त्या झटक्यात हे खातं आडवं. मावशीनं चहा गाळला तोवर सात डॉलर उरले होते.

ती स्क्रीनकडे बघत राहिली. मग म्हणाली, "असू दे. तुझे पण गेले असतील ना?"

समाधाननं मान हलवली. हो म्हणून.

तिथून पुढं मावशी एक भाकरी जास्तच वाढायची. शनिवारी अंड्याचा रस्सा केला, तर दोन्ही अंडी त्याच्याच ताटात. "तुझं जास्त गेलंय, खा." तो खाली मान घालून खायचा.

त्याच दिवशी गल्लीतली यमुनाबाई दुकानात चार्जर घ्यायला आली. "ए समाधान, माझ्याकडे पण दहा हजार आहेत. द्वारका म्हणाली पोरगं हुशार आहे, बाजारच फिरला. शेजारची हिरा पण देतेय. उद्या विहारात आणते."

मावशीनं त्याला पाठीशी घातलं होतं, त्याचा हा परिणाम.

रविवारी विहारात वंदना झाली की सूचना असतात. कुणाच्या बाळाचं नाव ठेवायचंय, पाणी कधी येणार नाही, असलं. समाधान आयुष्यात पहिल्यांदा बोलायला उठला. यमुनाबाईच्या मांडीवर पिशवी होती.

"माझे काहीच गेले नाहीत," तो म्हणाला. "ते खेळण्यातले डॉलर होते. खरे फक्त मावशीचे होते, ते मी घालवले. दहा हजार म्हणालो कारण तिच्याकडे दहाच होते. किती लागतात ते मला अजूनपण माहीत नाही. मला कुणी पैसे देऊ नका."

"एवढं शहाणपण बुधवारी कुठं होतं? चार्जिंगला लावलं होतं?" यमुनाबाईनं पिशवी काखेत मारली. बाया हसल्या. मावशी हसली नाही.

बाहेर चप्पल घालताना ती त्याच्याकडे न बघता बोलली, "पैशाचं जाऊ दे. मी माझ्या ताटातलं तुला वाढत होते, आणि तू खात होतास."



त्या दिवशी तिनं 'जेवलास का' विचारलं नाही. संध्याकाळी तो आपणहून तिच्या उंबऱ्यावर जाऊन बसला. आत जुनं मशीन खडखडत होतं, टाके सोडत होतं. बराच वेळ झाला. मग मावशीनं एक साडी आणि ब्लेड त्याच्या पुढ्यात टाकलं.

"फॉल उसव. परत लावायचाय. साडी कापलीस तर बघ."

समाधान एकेक टाका उसवत बसला.