बादलीतलं शिळं पाणी

माझ्या बायकोला लहान मासे आवडायचे. लहान म्हणजे खरोखरच लहान; तिच्या करंगळीहून लांब मासा आमच्या घरात कधी आला नाही. मोठे मासे आपोआप दिसतात, त्यात बघण्यासारखं काय, असं तिचं म्हणणं.

ती चाकणच्या एका कंपनीत तपासणी विभागात होती. गाड्यांचे सुटे भाग भिंगाखाली धरून त्यावरचे चरे शोधायचे, हे तिचं काम. चांगला तो ओके, वाईट तो रिजेक्ट. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात. मोशीला आम्ही भाड्याने राहत होतो, अजून मी तिथेच राहतो. संध्याकाळी कंपनीची बस तिला कोपऱ्यावर सोडायची. डब्याची पिशवी हातात तशीच धरून ती आधी काचेच्या टाकीपाशी जायची आणि मासे तिच्या बाजूच्या काचेला गोळा व्हायचे. मी शेजारच्या खुर्चीत पुस्तक घेऊन बसलेला असायचो. माझी पाळी त्यांच्यानंतर.

सुरुवात गप्पी माशांपासून झाली, बहुतेकांची होते. गप्पी अंडी नाही, थेट पिल्लंच घालतात, आणि घालतच राहतात. वर्षाच्या आत टाकीत जागा उरली नाही, तेव्हा ती पिल्लं लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत घालून बिल्डिंगमध्ये वाटू लागली. तळमजल्यावर आमच्या घरमालकीण काकू राहतात. बिल्डिंग जिथे आहे तिथे पूर्वी त्यांचाच हरभरा असायचा. बरणी उजेडात धरून त्यांनी विचारलं, “एवढ्याशा माशाचं कालवण तरी हुईल का गं?”

“कालवणाला नाही काकू, करमणुकीला.”

“करमणुकीला नवरा हाय की.”

“ते वाचत असतात.”

काकू जिन्यात हसल्या ते मला वर ऐकू आलं. पुढे कित्येक दिवस मी दिसलो की त्या पदर तोंडाला लावायच्या. ते गप्पी त्यांनी मागच्या हौदात सोडले आणि डास कमी झाल्याचं सगळ्यांना सांगत सुटल्या.

मग एकदा कुरिअरने एक पाकीट आलं. कोकणातल्या कोण्या हौशी माणसाने पाठवलेलं. आत मासे आहेत, असं ती म्हणाली. पाकिटात मासे? फोडलं तर प्लास्टिकच्या पिशवीत मूठभर दमट कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. तिने तो माझ्या न वाचलेल्या वर्तमानपत्रावर पसरला आणि भिंग घेऊन बसली. बऱ्याच वेळाने मला हाक मारली. भिंगाखाली मोहरीपेक्षाही लहान, मधाच्या रंगाचा एक थेंब होता आणि त्यात दोन काळे ठिपके. ते डोळे होते. अंड्याच्या आतून कोणीतरी बाहेर बघत होतं.

“हे ओके,” ती म्हणाली.

किलीफिश असं त्यांचं नाव. त्यांच्या मूळ मुलखात डबकी आटतात, पण ओल्या चिखलात अंडी तग धरून राहतात. पुन्हा पाणी लागलं की पिल्लं बाहेर येतात. न आली तर त्यांना जागं करायची तिची एक युक्ती होती: त्या पाण्यात शीतपेयाची नळी घालून हळूहळू फुंकायचं. माणसाच्या श्वासाने ती उठतात, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. वाचण्याच्या बाबतीत ती एरवी माझी थट्टा करायची, पण माशांबद्दल मात्र माझ्याहून जास्त वाचायची.

त्या पाकिटातून वाढलेली एक जोडी टिकली. नर निळसर हिरवा, अंगभर लाल ठिपके, शेपटीला पिवळी कड. मादी मातकट, साधी. माझा एक स्वेटर तिने तीन हिवाळे विणायला घेतला होता. त्याचीच हिरवी लोकर कापून तिने झुपका केला, बुचाला बांधला आणि पाण्यात तरंगत ठेवला. मादी त्यात अंडी घालायची. सुट्टीच्या दिवशी बायको तो झुपका पिळून धागा धागा तपासायची. पांढरं पडलेलं अंडं रिजेक्ट. ते राहिलं तर शेजारच्यांनाही बुरशी धरते. स्वेटर अर्थातच झाला नाही. मी विचारलं तर म्हणायची, तुमच्या बाह्या चांगल्या कामाला लागल्यात.

आमच्याकडे नळाला एक दिवसाआड पाणी येतं आणि त्याला औषधाचा वास असतो. माणसांना चालतं, या माशांना नाही. म्हणून बाल्कनीत एक निळी बादली कायम भरलेली असायची. दोन दिवस उघडी राहिली की पाण्यातलं औषध उडून जातं. त्या शिळ्या पाण्याला हात लावायची मला परवानगी नव्हती. एकदा मी त्यातून पाय धुतले, तर दुसऱ्या दिवशी बादलीवर कंपनीतलं रिजेक्टचं लाल स्टिकर चिकटवलेलं होतं.

तिचं आजारपण फार लांबलं नाही. त्याबद्दल मला इथे लिहायचं नाही. एवढंच, की दवाखान्यातूनही ती मला कामं सांगत होती. झुपक्यातली अंडी मी काढली. ती आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात शिळं पाणी घालून ओट्यावर ठेवली. त्याच आठवड्यात मादी मेली. मी बायकोला सांगितलं.

“वय झालं होतं तिचं,” ती म्हणाली. “डब्यातली सांभाळा. आता तेवढीच आहेत.”

त्यानंतर तिचं माझ्याशी जे बोलणं झालं ते घोट, उशी, दिवा याबद्दलच. सांभाळायला म्हणून तिने माझ्याकडे दिलं ते हे एवढंच.

स्मशानातून परत आलो तेव्हा घर धुतलेलं होतं. माणूस गेल्यावर घरात साठवलेलं पाणी ठेवत नाहीत, ओतून टाकतात आणि भांडी धुऊन पुन्हा भरतात. आमच्या गावाकडेही हीच रीत आहे, मला ती ठाऊक होती आणि तरी माझ्या डोक्यात आली नव्हती. शेजारच्या बायकांना घेऊन काकूंनी सगळं उरकलं होतं. माठ पालथा होता. निळी बादली पालथी होती. आइस्क्रीमचा डबा घासून भांड्यांच्या जाळीत निथळत ठेवला होता.

मोठ्या टाकीला मात्र कोणी हात लावला नव्हता. त्यात नर एकटा फिरत होता.

मी त्या डब्यासमोर उभा राहिलो. मेव्हणीने मला खांद्याला धरून बाहेर नेलं, कारण मी बायकोच्या स्वयंपाकघराकडे बघून रडतोय असं सगळ्यांना वाटलं. ते खोटंही नव्हतं. पण ज्या घरात असा प्रसंग झालाय तिथे भरल्या माणसांत मी कोणाला कसं विचारणार होतो, की माझी अंडी कुठे गेली? मोरीतच गेली असणार. आळंदीला नदीवर दहावा झाला, मग तेरावा झाला, पाहुणे एकेक करून आपापल्या वाटेला लागले.

घर रिकामं झालं त्या सकाळी काकू भाकरी आणि पिठलं घेऊन वर आल्या. मी जेवेपर्यंत त्या समोरून हलणार नव्हत्या. मी जेवलो. मग, काही उपयोग नाही हे ठाऊक असून, त्या दिवशी डब्यातलं पाणी कुठे टाकलं ते विचारलं.

काकूंना आठवायला वेळ लागला नाही. “बारक्या डब्यातलं व्हय? ते कुंडीत वतलं. कढीपत्त्याच्या.” मी बाल्कनीकडे बघू लागलो तशा त्या जरा कावऱ्याबावऱ्या झाल्या. “बाकीचं वतलं मोरीत. पण ते एवढंसं, झाकून ठिवल्यालं, तिच्या हातचं दिसत व्हतं. मोरीत टाकाया जीव झाला न्हाई. झाडबी तिचंच हाय. रोज पाणी घालती मी त्येला. का वं, काय चुकलं का?”

बाल्कनीला मातीचं वजन नको म्हणून तिने ते झाड कोकोपीटमध्ये लावलं होतं.

मी खुर्चीवरून उठलो. काकूंना काय झालं ते कळेना, पण त्याही माझ्यामागे बाल्कनीत आल्या. चमच्याने मी कुंडीतला वरचा थर काढला, वर्तमानपत्रावर पसरला आणि भिंग घेऊन बसलो. भुशात सगळंच मधाच्या रंगाचं असतं. पुष्कळ काही अंड्यासारखं दिसलं आणि नव्हतं. दोनतीन खरी होती, ती पांढरी पडलेली. रिजेक्ट. मग एक सापडलं ज्यात दोन काळे ठिपके होते. मी भिंग काकूंच्या हातात दिलं. त्यांनी ते जवळ धरलं, लांब धरलं, चष्मा वर केला.

“काय न्हाई दिसत,” त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, एकदम हळू आवाजात, “अगं बाई. बगतंय की.”

आणखी काही सापडली. टाकीतलंच थोडं पाणी काढून मी ती आइस्क्रीमच्या त्याच डब्यात घातली. दुसऱ्या दिवशी काही झालं नाही. काकू जिन्यातून विचारायच्या, “आलं का कोन?” दवाखान्यात बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभं राहून विचारतात, तसं. त्यानंतरच्या दिवशीही नाही. मग मला ती नळी आठवली. ओट्याच्या खणात तिने धुऊन रबर लावून ठेवली होती. ती पाण्यात घालून मी फुंकलं, बायको फुंकायची तसं, हळूहळू, मध्ये थांबत. तिच्याइतकं जमलं नाही, मला मधूनच हुंदका यायचा आणि मोठे बुडबुडे उठायचे.

दुपारी डब्याच्या कडेला पापणीच्या केसाएवढं काहीतरी हललं. मग दुसरं. सगळी मिळून एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच निघाली. शरीर असं दिसतच नव्हतं, नुसते डोळे आणि मागे एक थरथर. मी खाली जाऊन काकूंना घेऊन आलो. त्या डब्यावर वाकल्या आणि म्हणाल्या की ही आता काय खातील. कोबीचं पान पाण्यात कुजवून त्यातलं थेंबभर पाणी द्यायचं, मी सांगितलं. त्या वासावरून मी बायकोशी भांडायचो, हेही सांगितलं. काकू कोबी आणायला खाली गेल्या.

नळाला पाणी आलं होतं. मी पालथी बादली सुलटी केली, भरली आणि बाल्कनीत उघडी ठेवली. लाल स्टिकर घासताना अर्धं निघालेलं होतं, ते बोटाने दाबून बसवलं. कोबी घेऊन वर आलेल्या काकूंनी पाय धुवायला बादलीकडे हात नेला, तेव्हा मी म्हणालो, “त्यातलं नको काकू. ते परवासाठी आहे.”