ताईची तपकिरी कडी

माझी ताई प्रयोगशाळेत काप घेते. कांद्याच्या पाकळीवरचा पापुद्रा आठवा. त्याहूनही पातळ काप ती उंदराच्या कातडीचे काढते, काचेवर पसरते आणि रंगवते. काम करताना ती श्वास रोखून धरते. घरी मात्र श्वास घ्यायलाही थांबत नाही, इतकी बडबड! चष्म्याचं दुकान माझं, पण नजर ताईची, असं आई मला येता-जाता ऐकवते.

आईच्या पायाला साखरेची, म्हणजे मधुमेहाची, जखम आहे. तिथे रक्तच धड पोचत नाही, म्हणून ती काही केल्या भरत नाही. त्यामुळे लांबूच्या मलमात ताईचा जीव गुंतलेला. लांबू म्हणजे प्रयोगशाळेतला संशोधक, दारातून मान वाकवून आत येणारा. त्याच्या मलमाने उंदराच्या जखमेत नव्या रक्तवाहिन्या फुटतात का, हे बघायचं होतं. मोठ्या सरांनी बजावलं होतं, या आठवड्यात वाहिन्या दाखवा, नाहीतर काम बंद.

वाहिन्या दिसाव्या कशा? रक्तवाहिनीच्या पेशींच्या अंगावर एक खास प्रथिन असतं. त्यालाच जाऊन चिकटणारी अँटिबॉडी कापावर सोडायची. मग दुसरी सोडायची. ती पहिलीला शोधून काढते आणि तिथे तपकिरी रंग उमटतो.

"पहिली चिकटते, दुसरी चुगली करते," असं ताईने मला सांगितलं होतं.

शुक्रवारी दुकान बंद ठेवून मी तिला घ्यायला गेलो, तर लांबू सूक्ष्मदर्शकासमोर नाचत होता. अख्खा काप तपकिरी! ताईनेही टाळ्या पिटल्या. मग तिने दुसरी काच ठेवली. हिच्यावर पहिली अँटिबॉडी सोडलेलीच नव्हती, म्हणजे रंग यायलाच नको. तीही तपकिरी निघाली.

ताई मटकन स्टुलावर बसली.

"घोळ माझाच रे," ती म्हणाली. "सशात बनवलेली अँटिबॉडी यायला उशीर लागणार होता. घाईघाईत मी उंदरात बनवलेली मागवली आणि तिला ओळखणारी दुसरीही. उंदराच्या कातडीत उंदराच्या अँटिबॉडी आधीच भरलेल्या. दुसरीने सगळ्यांचीच चुगली केली!"

लांबूचं तोंड एवढंसं झालं. मला हसू येत होतं, पण ताईचा चेहरा बघून मी ते गिळलं.

ताईला टाकवत काही नाही. आमच्या स्वयंपाकघरात रिकाम्या बाटल्यांनी उच्छाद मांडलाय. तिने फ्रीज उपसला आणि सशाच्या अँटिबॉडीची संपलेली नळी शोधून काढली. गरगर फिरवणाऱ्या यंत्रात तिने ती घातली. झाकणाला, कडांना चिकटलेलं सगळं तळाशी उतरलं. जेमतेम एका कापापुरतं होतं. सशाचीला ओळखणारी दुसरी शिल्लक होतीच. मलम न लावलेल्या उंदराचे काप याच नळीतून आधी रंगवून झाले होते. त्यांत वाहिन्या अगदी तुरळक होत्या. म्हणजे आता सगळी भिस्त या एका कापावर.

रंग चढेपर्यंत आम्ही तिघांनी बाहेर चहावर चहा ढोसले. ताई गप्प बसलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो आणि खरं सांगतो, मला ते मुळीच आवडलं नाही.

पहिल्या अँटिबॉडीविना ठेवलेली काच या वेळी स्वच्छ निघाली. ताईने मलमाच्या कापाची काच ठेवली, बघितलं आणि मला जागा दिली. आडव्या कापलेल्या वाहिन्यांची नाजूक तपकिरी कडी, जिकडेतिकडे कडीच कडी! लांबूने आनंदाने उडी मारली आणि त्याचं डोकं फळीवर आपटलं. मोठ्या सरांनी येऊन बराच वेळ पाहिलं.

"चालू ठेवा," एवढंच ते म्हणाले.

ताईने हातमोज्यांसकट माझे गाल ओढले.

घरी आईच्या पायाची पट्टी बदलताना तिने सगळी हकीकत तिखटमीठ लावून सांगितली.

"मग मला कधी लावणार ते?" आईने विचारलं.

ताईचे हात थांबले. "माणसांपर्यंत यायला खूप वर्षं लागतील, आई. तुझ्यापर्यंत... कदाचित नाहीच." तिचे डोळे भरले.

"अगं वेडे, रडतेस काय? तुझ्यापर्यंत तर येईल ना?" आईने तिची हनुवटी धरली. "माझी साखर तुझ्यात उतरलीय. त्याचाच घोर लागला होता मला. आज सुखाने झोपेन बघ. आता ती पट्टी बांध नीट, सैल झालीय."