तेलाचा बॉयलर गेला आणि रमी बंद पडली

मागच्या वर्षी, ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी सकाळी दहा वाजता, आमच्या स्वयंपाकघरात चौदा हजार तीनशे पन्नास डॉलरपर्यंतचा खर्च मंजूर झाला. हजर: मी, माझी बायको मेधा आणि फोनच्या पडद्यावर नागपूरहून सासूबाई. सासूबाईंना मतदानाचा हक्क नव्हता; तो त्यांनी बजावला.

"कशाला बदलता बॉयलर? चालतो ना जुना?"

"चालतो, आई. पण तुम्ही येत नाही ना."

हे वाक्य निसटलं. मेधाने भुवई वर केली. मी ताबडतोब गॅसच्या दरांकडे वळलो.

आमचं घर बॉस्टनपासून तासाभरावर आहे, माझ्यापेक्षा वयाने मोठं. ते तेलावर तापायचं. म्हणजे हिवाळ्यात टँकर यायचा, अंगणातून नळी ओढून टाकी भरायचा आणि मग तळघरातला बॉयलर, बसलेल्या म्हशीच्या आकाराचा, ते तेल जाळून वरच्या खोल्यांना पाणी गरम करून पाठवायचा. निदान पाठवतोय असं म्हणायचा. निम्मी उष्णता तो तळघरातच सांडायचा. वर मी काटकसर म्हणून तापमान चौसष्ट फॅरनहाइटवर ठेवायचो. चौसष्ट म्हणजे आपले जेमतेम अठरा अंश; नागपूरच्या माणसाला हा आकडा थंडीच्या रात्रीच भेटतो.

त्यामुळे सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा तिसऱ्याच दिवशी त्यांनी तळघरात मुक्काम हलवला. बॉयलरशेजारी एक खुर्ची, मग एक टेबल, मग बॉयलरच्या डोक्यावर इडलीच्या पिठाचं पातेलं, शेजारी दह्याचं विरजण, पाईपवर माझे हातमोजे. उबेला म्हणून मेधा खाली यायची, आमची मुलगी इरा गृहपाठ घेऊन यायची. आणि संध्याकाळी सात वाजता आम्ही चौघं रमी खेळायचो. गुण मी मांडायचो, सासूबाई जिंकायच्या. असे तीन हिवाळे.

मग दोन हिवाळे त्या आल्याच नाहीत. "तुमचं घर फार गार हो, जावईबापू. आता सोसत नाही."

आता, एखाद्या जावयाला सासूची आठवण येते हे चारचौघांत सांगण्यासारखं नाही. म्हणून मी म्हणालो, "मेधाला आईवाचून करमत नाही."

"मला?" मेधा म्हणाली. "अरे, मी रोज अर्धा तास बोलते तिच्याशी. पत्त्यांचा कॅट घेऊन तळघरात एकटा कोण बसतो?"

(मी पेशन्स खेळत होतो. तो वेगळा खेळ आहे.)

तर मी कामाला लागलो. आमच्या रस्त्यावर गॅसची लाईन आलीच होती. तीन ठेकेदारांना बोलावलं. पहिला जुन्या बॉयलरवर थाप मारून म्हणाला, अजून दहा वर्षं हलणार नाही. मला विकायला काहीच नसलेल्या माणसावर माझा विश्वास बसला नाही. दुसऱ्याने दर फोनवर सांगितला आणि तो रोज बदलला. तिसरा स्टीव्ह. त्याने सगळं मोजलं, खिडक्यासुद्धा, आणि शेवटी बॉयलरवरच्या पातेल्यापाशी थबकला. सासूबाई नसल्या तरी मेधा पीठ तिथेच ठेवायची.

"व्हॉट इज दॅट?"

"ते फुगतंय," मी इंग्रजीत समजावलं. "उद्या सकाळपर्यंत दुप्पट होईल."

स्टीव्ह एक पाऊल मागे सरला. त्याच्या अंदाजपत्रकात शेवटची ओळ होती: यंत्रावरचे अन्न ग्राहकाने हलवावे.

मी तिघांचा तक्ता केला, पहिल्याच्या नावापुढे जुनाच बॉयलर. किंमत, हमी, गॅसचा वार्षिक खर्च, आवाज, वजन. स्टीव्हचा बॉयलर सगळ्यांत उजवा होता: शंभर डॉलरचा गॅस जाळला तर पंच्याण्णव डॉलरची ऊब खोल्यांत. मेधाने तक्ता पाहिला आणि म्हणाली, "सगळं आहे. आता आईला विचार."

"बदलतोय हे त्यांना माहीत आहे. कोणता, ते सरप्राइज देऊ."

ही या प्रकरणातली पहिली चूक. तळघरातली ती म्हैस तुकडे करून बाहेर नेली, टाकीही नेली, आणि भिंतीवर एक पांढरी पेटी बसली, विमानात हातात नेतात त्या बॅगेएवढी. मी फोन लावला.

"हा तर गीझर आहे," सासूबाई म्हणाल्या.

"बॉयलर आहे, आई. आता सगळं घर सत्तरवर."

"हात लावून पाहा बरं."

मी लावला. "गार आहे."

"गार? आणि पैसे दिले तुम्ही?"

"आई, तेच तर कौतुक आहे. हा ऊब बाहेर सांडतच नाही."

मग त्यांनी विचारलं, "मग मी बसू कुठे?"

माझ्या तक्त्यात हा रकाना नव्हता. तळघरात त्या दिवशी चोपन्न होतं, म्हणजे आपले बारा. तिथे शाल पांघरूनही कोणी बसलं नसतं. विरजणाने तर आठवडाभर दूधच राहायचं ठरवलं.

मी स्टीव्हला पुन्हा बोलावलं. तळघरात एक रेडिएटर, त्याला वेगळा थर्मोस्टॅट: अकराशे ऐंशी डॉलर. म्हणजे जुना बॉयलर जी ऊब फुकट सांडायचा, तेवढीच मी विकत घेतली. मेधा म्हणाली, "आता तक्त्यात हे कुठे लिहिणार?" मी 'इतर' या सदरात लिहिलं.

डिसेंबरात सासूबाई आल्या. विमानतळावर मी बॅगा उचलल्या, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "वाळलात हो." मला एवढं बरं वाटलं की मी गाडी कुठे लावली ते विसरलो आणि आम्ही पार्किंगचे तीन मजले शोधत फिरलो.

घर सगळीकडे सत्तर. पहिल्या संध्याकाळी मी सात वाजता पत्ते घेऊन खाली गेलो, टेबल पुसलं, चार खुर्च्या लावल्या. कोणी आलं नाही. वर पाहिलं, तर इरा तिच्या खोलीत दार लावून, मेधा तिच्या ऑफिसच्या खोलीत मीटिंगवर, सासूबाई त्यांच्या खोलीत पांघरूण पायाशी ढकलून टॅब्लेटवर मालिका बघत.

"आई, रमी?"

"वरच छान आहे की हो आता. उगाच जिना कशाला?"

बरोबर होतं. जिना कशालाच नको होता. दुसऱ्या दिवशीही नको होता, तिसऱ्याही. प्रत्येक खोली सारखीच उबदार, त्यामुळे कोणाला कोणाच्या शेजारी बसायचं कारणच उरलं नव्हतं. एवढ्या आरामात माणसं इतकी लांब जातात, हे स्टीव्हने मोजलं नव्हतं.

चौथ्या दिवशी, साडेसहाला, मी फोनवरून वरचा थर्मोस्टॅट साठवर आणला आणि तळघराचा पंच्याहत्तरवर. स्वतः खाली जाऊन पेशन्स मांडला.

सव्वासातला इरा आली. "बाबा, इट्स फ्रीझिंग अप देअर."

"हो का? इथे बरं आहे."

मग मेधा लॅपटॉपसह. शेवटी सासूबाई, शालीत, कठड्याला धरून. त्या खुर्चीत टेकल्या, रेडिएटरवर तळवे धरले आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

"यंत्र बिघडलं वाटतं, जावईबापू."

"बघतो मी."

"बघू नका. पत्ते वाटा."

यंत्र रोज साडेसहाला बिघडायचं आणि साडेनऊला दुरुस्त व्हायचं. आठ दिवस मी "बघतो" म्हणालो. नवव्या दिवशी मेधाने मला न विचारता स्टीव्हला फोन केला, कारण एवढा महागडा बॉयलर असा वागतो म्हणजे काय.

स्टीव्हने पेटी उघडली, बंद केली. मग थर्मोस्टॅटमधल्या मागच्या दिवसांच्या नोंदींवर बोट फिरवत राहिला. मी शेजारीच उभा होतो. दुसरीकडे जायला सुचलं नाही.

"बॉयलर उत्तम आहे," तो हळूच म्हणाला. "पण रोज साडेसहाला कुणीतरी फोनवरून वरचं घर गार करतंय." त्याने टेबलावरचे पत्ते पाहिले, चार खुर्च्या पाहिल्या, मग मला पाहिलं.

"काय निघालं?" वरून मेधाचा आवाज आला.

"ऑल सेट, मॅम," स्टीव्ह ओरडून म्हणाला, आणि मला बिल दिलं.

एकशे एकोणनव्वद डॉलर, स्टीव्हला, रोख. पंधरा हजार खर्चून तापवलेलं घर रोज कोण गार करतं ते त्याने पाच मिनिटांत शोधून काढलं आणि कोणाला सांगितलं नाही. मी घासाघीस केली नाही.