काळ्या शेळीचं गाणं

माझी नात भुलाबाईच्या गाण्यांची वेबसाईट चालवते. खामगावच्या आमच्या घरात स्वयंपाकघराला लागून जी खोली आहे, तिथे तिचं टेबल आहे. मी चौथीपर्यंत शिकले. मला वाटायचं, इंटरनेटवर जे दिसतं ते सगळ्यांचं. तिलाही तसंच वाटत होतं आणि ती तर पदवी घेतलेली.

सुरुवातीला तिने भुलाबाईच्या मूर्तीचा एक फोटो कुठूनतरी उचलून लावला. आठ दिवसांत फोटो काढणाऱ्याचं पत्र आलं. न विचारता घेतला, काढून टाका, नाहीतर वकिलाकडे जातो. तिने फोटो काढून टाकला, माफी मागितली, आणि दोन दिवस धड जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिने ठरवलं, आपल्या वेबसाईटवर दुसऱ्याच्या हक्काचं काही नको. उलट शाळांना, बायकांच्या मंडळांना बिनघोर घेता येईल असंच ठेवायचं.

मग ती असे फोटो शोधायला लागली आणि मला सांगायला लागली.

"आजी, काही लोकं फोटो मोकळे सोडतात. कोनीही घ्या म्हनतात. काही म्हनतात, घ्या, पन माझं नाव लिहा. काही म्हनतात, घ्या, पन विकू नका."

"म्हंजे सरवा," मी म्हटलं.

लहानपणी आम्ही सरवा वेचायचो. पीक घरी गेल्यावर शेतात मागे पडलेली कणसं, शेंगा, कापूस राहतो, तो वेचणाऱ्याचा. पण शेवटची बैलगाडी निघाल्याशिवाय धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, आत पाय टाकायचा नाही, आणि त्याआधी मालकाला हाक मारून विचारायचं. कोणी म्हणे, वेचा. कोणी म्हणे, शेंगा वेचा, तुरीला हात लावू नका. नात म्हणाली, "हेच आजी, अगदी हेच." त्यानंतर तिला मला काही समजवावं लागलं नाही.

भुलाबाईचा मोकळा फोटो काही मिळाला नाही. मग मीच मातीची भुलाबाई केली आणि तिने फोटो काढला. नाक वाकडं झालं. ती म्हणाली, दुसरी कर. मी म्हटलं, राहू दे, आपली आहे.

राहिली गाणी. भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आम्ही मुली संध्याकाळी घरोघर भुलाबाईपुढे गाणी म्हणायचो. शेवटी घरची बाई डब्यात झाकलेली खिरापत ओळखायला लावायची. ओळखल्याशिवाय डबा उघडायचा नाही. मला आठवली तेवढी गाणी मी नातीपुढे म्हटली, तिने फोनमध्ये भरून घेतली. प्रत्येक गाण्याला तिचा एकच प्रश्न.

"हे कोनाचं, आजी?"

"कोनाचं म्हंजे? सगळ्यायचं."

तिने खाली लिहिलं, गाणी पारंपरिक आहेत, कोणीही वापरावी.

पुढच्या वर्षी तिने मला एक व्हिडिओ दाखवला. पुण्याकडच्या कुठल्याशा मंडळाच्या बाया, सगळ्यांच्या एकसारख्या साड्या, आणि गाणं आमचं.

काळी शेळी भुलाबाईची कपाशीत शिरली
बोंडं खाऊन खाऊन सये पांढरी होऊन फिरली

नात आनंदाने टाळ्या पिटत होती. मी खालची अक्षरं वाचत होते. मला वेळ लागतो. रचना, पारंपरिक.

"याचा अर्थ काय?"

"म्हंजे कोनी केलं ते माहीत नाही."

आणि तेव्हा मला आठवलं. माहीत नाही कसं? मला माहीत आहे. मी तिथे उभी होते.

माझ्या माहेरच्या गावची मैत्रीण. आमच्या दोघींच्या घरांत एकच भिंत. तिच्याकडे काळी शेळी होती. ती पाटलाच्या कपाशीत शिरली आणि मैत्रिणीने पाटलाचा मार खाल्ला, बापाचा वेगळा आणि आईचा वेगळा. त्याच संध्याकाळी भुलाबाईपुढे, गालावर वळ घेऊन, तिने हे गाणं म्हटलं. आम्ही हसून हसून लोळलो. दुसऱ्या दिवशी अख्ख्या गल्लीने म्हटलं. पुढे मी ते माझ्या लेकींना म्हणून दाखवलं, नातीला म्हणून दाखवलं, आणि इतक्या वेळा म्हटलं की करणारी त्यातून गळून पडली. माझ्याच तोंडून गळाली, दुसऱ्या कोणाच्या नाही.

नातीला सांगितलं तर तिचा चेहरा उतरला. "आजी, ते आपन मोकळं करू शकत नव्हतो. त्या नाही म्हनल्या तर मले ज्यायनं ज्यायनं घेतलं त्या सगळ्यायले लिहून गानं काढाले लावा लागन." तिला परत तेच पत्र, तेच दोन दिवस दिसत होते. मला दुसरंच दिसत होतं. त्या बाईच्या नावावर आयुष्यात ना शेत झालं ना घर. एक गाणं होतं, ते मी सरव्यात टाकलं. शेवटची गाडी निघायच्या आधी.

"मी जाऊन विचारतो," मी म्हटलं.

मैत्रीण नांदुऱ्याला लेकाकडे राहते. चौदा-पंधरा वर्षांत भेट नव्हती. भांडण नाही, नुसतं जाणं झालं नाही. नात सोबत आली. बसमधून उतरून रेल्वे फाटकाजवळच्या त्यांच्या घरापर्यंत पायी गेलो. मैत्रीण ओसरीत बसून वाल सोलत होती. डोळे अधू झालेत, पण आवाजाने ओळखलं.

"काय वं! मेली नाईस अजून?"

"तुले पोचवूनच जाईन म्हनलं."

पाणी झालं, चहा झाला. मग मी सरळ सांगितलं. तुझं गाणं मी कोणाचंच नाही म्हणून वाटून टाकलं. नातीने व्हिडिओ लावला. मैत्रिणीने फोन कानाला धरून ऐकला, आणि एका ओळीला हात वर केला.

"हे काय? 'मामाच्या शेतात'? मामाच्या कुठलं वं? पाटलाच्या होतं ते. मामानं कुठं मारलं मले?"

नात घाबरून म्हणाली, "आजी, तुम्ही नाही म्हनल्या तर मी काढून टाकतो सगळं."

मैत्रीण उठली. भिंतीला हात लावत आत गेली. डब्यांचा आवाज आला. बराच वेळ लागला. नातीने माझा हात धरला होता. मग मैत्रीण बाहेर आली ती झाकलेला पितळी डबा घेऊन, आणि माझ्यासमोर बसली.

"पहिले खिरापत ओळख. मंग बोलू."

मला वास आधीच आला होता. गूळ आणि शिळी भाकर कुस्करलेली. लहानपणी तिच्या घरी रोज तेवढंच असायचं. गल्लीतल्या सगळ्या मुलींना ते माहीत होतं. म्हणून तिच्या दारात आम्ही कधीच पहिल्याने ओळखलं नाही. पेढ्यापासून सुरुवात करायची, सगळी मिठाई संपवायची आणि मग दमल्यासारखं करून भाकरीवर यायचं. हे आम्ही आपसात कधी ठरवलं नव्हतं.

"पेढा," मी म्हटलं.

"नाई."

"बर्फी. बुंदी. करंजी."

"नाई, नाई, नाई."

"अनारसे. जिलबी. सीताफळाची रबडी."

नात माझ्याकडे बघायला लागली. वास तर तिलाही येत होता. मैत्रीण हसत होती. दात नाहीत, तरी तोंडावर पदर घेऊन हसत होती.

"हारली?"

"हारली. थांब. गूळ-भाकर हाय का?"

"खोटारडी मेली," ती म्हणाली. "तवाही खोटारडी होती. मले का समजत नव्हतं?" आणि डबा उघडला.

तिघींनी खाल्लं. खाता खाता तिने सांगितलं. "म्हनो ना कोनीही. गानं घरात ठेवून काय करतं? पन मायं नाव लाव. माहेरचं लाव, तवा मी सासरची नव्हती. आनि पाटील काढाचा नाई."

"याले बी नियम हाय, आजी," नात म्हणाली. "नाव लावून कोनालेही घेता येते."

"असन," मैत्रीण म्हणाली. "मले कोनी विचारलं नव्हतं आजवर."

नातीने तिथेच बसून पारंपरिक हा शब्द खोडला आणि नाव लिहिलं. पुण्याच्या मंडळालाही तसं कळवलं. मैत्रिणीला अक्षरं दिसत नव्हती, म्हणून फोन मी घेतला आणि वाचलं. एकेक अक्षर लावत, तिचं नाव, तिच्या बापाचं नाव, गावाचं नाव.

"अजून एकदा वाच," ती म्हणाली.

माझं वाचन हळू आहे. तिला घाई नव्हती.