लूम थांबल्यावर

भिवंडीतल्या आमच्या घराची मागची भिंत आणि कारखान्याची भिंत एकच होती. पलीकडे दिवसरात्र कापडाचे लूम चालायचे, त्यामुळे घरात हळू बोलायची सवयच नव्हती. आई तिथेच कांड्यांवर सूत भरायला जायची. जेवायला ये, आजी गेली, तू पास झालीस, सगळं एकाच वरच्या पट्टीत. ठाण्याला कॉलेजात गेले तेव्हा मैत्रिणी विचारायच्या, "तू बोलतेस की भांडतेस?" पुढे मानसशास्त्र शिकताना आमच्या बाईंनी माझा आवाज खाली आणला. पण एक गोष्ट मला आधीच ठाऊक होती. जे ओरडून सांगता येत नाही, ते आमच्याकडे कोणी कधी सांगतच नसे. म्हणून समोरचा माणूस गप्प झाला की मी लगेच दुसरा प्रश्न विचारत नाही. बसून राहते.

दोन हजार सालानंतरची ती लोडशेडिंगची वर्षं. एका डॉक्टरांच्या दवाखान्यावरच्या खोलीत मी दुपारी समुपदेशनासाठी बसायचे. एके दिवशी डॉक्टर स्वतःच एका जोडप्याला वर घेऊन आले. "छाती धडधडते म्हणतात. ईसीजी स्वच्छ आहे. तुम्ही बघा."

नवरा पन्नाशीचा, धिप्पाड. स्वतःची लहानशी लूमची शेड होती त्यांची. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "मना येड लागलेला न्हाय."

"नाहीच लागलेलं, दादा. बसा."

बायको रडवेली झाली होती. "मॅडम, लाईट गेली, लूम थांबले की यांना श्वास घेता येत न्हाय. उठतात नि धावत सुटतात. परवा रस्त्यावर गेले, टेम्पो अंगावरच येत होता."

ते दोनदा येऊन नुसतेच बसून गेले. तिसऱ्या वेळी बायकोला बाहेर बसवलं आणि खाली बघत बोलले. वडिलांची शेती खारबाव गावाला. दोघा भावांनी मिळून लूम टाकले. काही वर्षांपूर्वी एका दुपारी धाकट्याचा हात मोटरच्या पट्ट्यात गेला. हे थोरले शेडच्या दुसऱ्या टोकाला, पाठमोरे, तुटलेला धागा जोडत होते. लाईट गेली, लूम थांबले, आणि मग यांना किंकाळी ऐकू आली. भाऊ जगला. हात गेला. तो गावी राहायला गेला, आणि त्या दिवसाविषयी दोघं एकमेकांशी कधी बोलले नाहीत.

मी त्यांना सांगितलं की शांतता झाली म्हणजे काहीतरी वाईट घडलंय, असं त्यांच्या शरीरानं धरून ठेवलंय. पळून गेलं की ते आणखी घट्ट होतं. आधी आम्ही माझ्या खोलीत पंखा बंद करून, काही न बोलता बसायची सवय केली. मग शेडमध्ये बसायचं ठरलं. एकटी जाऊ नकोस, असं आमच्या बाईंनी बजावलं होतं, म्हणून त्यांच्या बायकोला सोबत घेतलं.

लाईट जायची वेळ जवळ आली तसे ते सारखे बल्बकडे बघू लागले. मानेवरून घाम ओघळत होता. कारागीर कामात होते, पण त्यांचे डोळे आमच्याकडेच. आणि लाईट गेली. पट्टे फिरता फिरता मंदावले, शेवटचा लूम खडखडला आणि थांबला. ते ताडकन उठले. बायकोनं त्यांचा हात धरायला हात पुढे केला. मी तिला मानेनंच नको म्हटलं. आतून माझाच धीर सुटत होता. ईसीजी चुकला असेल तर? हे आत्ता रस्त्यावर धावले तर?

"दरवाजा उघडा आहे, दादा. जायचं तर जा. पण जमलं तर आधी मला सांगा, काय ऐकू येतंय?"

ते तसेच उभे राहिले, छाती खालीवर होत होती.

"हाका मारतोय तो."

"काय म्हणून?"

"दादा. दादा म्हनून."

इतके दिवस मीही त्यांना तीच हाक मारत होते. ते भिंतीला टेकून खाली बसले. मोठ्यानं रडले. पण धावले नाहीत.

पुढच्या आठवड्यात त्यांनी भावाला खारबावहून बोलावून घेतलं. शर्टाची रिकामी बाही खिशात खोचलेला तो सडपातळ माणूस माझ्यासमोर बसला. थोरल्यांनी त्याच्याकडे न बघताच विचारलं, "तवा तू मना हाका मारत होतास ना?"

तो नाही म्हणेल, समजूत काढेल, असं मला वाटलं होतं.

"मारल्या. लय मारल्या," तो म्हणाला. थोरल्यांच्या हाताच्या मुठी वळल्या होत्या. मला मधे पडावंसं वाटलं, पण मी खुर्चीतच बसून राहिले.

"पन लूम चालू असताना कोनाला काय ऐकू येनार? मी तुझ्या जागी असतो तर मनाबी ऐकू आला नसता. आरं, लाईट गेली म्हनून पट्टा थांबला. न्हायतर मी आज हाय कुठं?"

थोरले एकदम चिडले. "मंग ह्ये इतकी वरसं बोलला का न्हायस?"

"तू इचारलास कधी?"

मी खुर्ची मागे घेतली; आता त्यांना माझी गरज नव्हती.

भीती पूर्ण गेली असं मी म्हणणार नाही. पुढे कित्येक महिने लाईट गेली की थोरल्यांचा चेहरा पडायचा, पण ते शेडबाहेरच्या ओट्यापर्यंतच जायचे आणि तिथे बसायचे. भाऊ अधूनमधून यायला लागला. लाईट गेली की दोघं ओट्यावर बसून गप्पा मारतात, असं थोरल्यांची बायको मला सांगायची.